एका पिनेवर लटकलेला जंपर

समजा, तुमच्यासमोर कॉम्प्युटरचं उघडं खोकं आहे. हातात चिमटा, आणि चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी. तिचं नाव जंपर. खोक्यात खोचायच्या कार्डावर पिनांच्या चार जोड्या उभ्या आहेत आणि शेजारी बारीक आकडे आहेत: तीन, चार, पाच, सात. ज्या जोडीच्या दोन्ही पिनांवर टोपी बसवाल, तो त्या कार्डाचा नंबर. काम निघालं की कार्ड त्या नंबरची घंटी वाजवून प्रोसेसरला हाक मारणार. घंट्या मोजक्याच. घड्याळाने एक अडवलेली, कीबोर्डने एक. एकाच घंटीवर दोघांनी हात टाकला, तर कोण बोलावतंय ते प्रोसेसरला कळत नाही आणि मशीन तोंड फुगवून बसतं. तर आता बसवा टोपी. फक्त शिंकू नका.

माझ्या आत्याने हे काम अकरा वर्षं केलं. पुढे कार्डं आपापसातच नंबर वाटून घ्यायला लागली. आत्या म्हणते, "बरंच झालं. पण खोकं उघडायचं निमित्त गेलं."

तिला दुरुस्तीच्या दुकानात लागून सहा आठवडे झाले होते. दुकानात माणसं दोनच, ती आणि चिमटेकाका. ते खिशाला पेनाऐवजी चिमटा लावत, म्हणून हे नाव. एकदा ते आठवडाभर गावी गेले. जाताना बजावून गेले, "अंध मुलींच्या शाळेत महिन्याची सफाई आहे. धूळ पुसून ये. शहाणपणा नको."

शाळेत मशीन एकच होतं. त्यातलं एक कार्ड पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि शेजारचा ब्रेल प्रिंटर जाड कागदावर ठिपके उठवायचा. भूगोलाचे सर स्वतः अंध होते. ते कार्डाचा आवाज ऐकत परीक्षेचा पेपर टाइप करत होते. त्याआधी दरवर्षी मुलींना पेपर कुणीतरी वाचून दाखवायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच बावीस मुली आपला पेपर आपल्या बोटांनी वाचणार होत्या.

आत्याने ब्रश फिरवला. बोलणाऱ्या कार्डावर पाच नंबरच्या जोडीवर एक टोपी नीट बसलेली होती. पण सात नंबरपाशी दुसरी एक टोपी एकाच पिनेवर तिरकी लटकत होती. काकांना हल्ली दिसत नाही वाटतं, असं मनात म्हणत तिने ती दोन्ही पिनांवर सरळ दाबली. टक्. सर शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. आत्या धावत पोचली. छपाई सुरू केली की मशीनचा आवाज "महासा... महासा..." करत अडकायचा आणि प्रिंटर अर्ध्या ओळीवर थांबायचा. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

मुख्याध्यापिका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "काल तर चालत होतं. कुणी हात लावला का?"

आत्या केबल बघायला खाली वाकली. सरच म्हणाले, "मशीन आहे बाई. रुसतं कधीकधी."

"रुसू दे. नाही जमलं तर नेहमीसारखं वाचून दाखवू."

"नेहमीसारखं नको," सर हळूच म्हणाले.

आत्याने केबल बदलली, प्रोग्राम पुन्हा घातला. प्रिंटरचा नंबर सात आहे हे तिला पाठ होतं. पण ती टोपी तिच्या डोक्यातच येईना. ढिला स्क्रू आवळावा तशी ती दाबली होती. आवळण्याला कोणी बदल म्हणतं का? तासाभराने ती रडकुंडीला आली.

"ते कार्ड काढून माझ्या हातात द्या," सर म्हणाले.

"टोचेल, सर."

"ताई, आयुष्यभर ठिपकेच वाचत आलोय."

त्यांचं बोट पिनांवरून सावकाश सरकलं, थांबलं, मागे आलं. "इथली टोपी तिरकी होती. कार्ड बसवलं तेव्हा तुमच्या काकांनी मला हाताने दाखवलं होतं. आता सरळ आहे."

आत्याचे कान तापले. काकांचं डोकं आता तिच्या लक्षात आलं. जास्तीची टोपी हरवू नये म्हणून ती एकाच पिनेवर लटकवून ठेवायची. खुंटीला टांगलेला सदरा कसा, घरात असतो पण अंगात नसतो, तशी. तिने मात्र तो अंगात घातला होता. कार्ड आता पाचच्या बरोबरीने सातची घंटीही वाजवत होतं, प्रिंटरच्या डोक्यावर बसून. तिने चिमट्याने टोपी उचलली आणि पुन्हा एका पिनेवर तिरकी अडकवली. प्रिंटर खडखडायला लागला. संध्याकाळपर्यंत बावीस पेपर निघाले.

परत आल्यावर काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरी, या दुकानात जे लटकतंय, ते मुद्दाम लटकतंय. तो पंखा सोडून."

पण त्याआधी, परीक्षेच्या सकाळी, आत्या शाळेत गेली होती. वर्गात बावीस माना ताठ होत्या आणि बावीस उजवे हात कागदावरून चालत होते. एक मुलगी पहिल्याच प्रश्नाला हसली. सर दाराशी उभे होते.

"सर, ती टोपी मीच दाबली होती."

"ठाऊक आहे. टक् ऐकलं होतं मी."

"मग काल बाईंनी विचारलं तेव्हा..."

आतून कुणीतरी "सर, जास्तीचा कागद!" म्हणून हाक मारली आणि ते गेले. पुढच्या सत्रात ते दुसऱ्या गावच्या शाळेत रुजू झाले.

आत्या आता बासष्टची आहे. परवा माझ्या लॅपटॉपचं झाकण उलटंपालटं करत होती, कुठे स्क्रू सापडतोय का बघत. मध्येच थांबून म्हणाली, "मला एक सांग. सर मला वाचवत होते, की मी आपणहून सांगते का, याची वाट बघत होते?"