कालव्याचं कालवण

भानुदासतात्या एसटीतून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला कंडक्टर काही निवृत्त झाला नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या त्यांच्या खानावळीत गिऱ्हाईक आलं की ते, "पुढं सरका, मागनं मानसं येत्यात," असं म्हणूनच बसवत. मटण, भाकरी आणि उजनी धरणातली चिलापी मासळी, एवढ्यावर खानावळ बरी चालली होती.

त्यांची मुलगी साक्षी हॉटेलचं शिक्षण घेऊन घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, आपण शिनाणे ठेवू."

"ते काय असतंय?"

"काळ्या-हिरव्या मोठ्या शिंपल्या. कोकणात खाडीत दोऱ्या सोडून त्यांची शेती करतात."

पुण्याच्या एका हॉटेलनं तिला सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं. तिची अट साधी होती. रविवारी शिनाण्यांचं पातेलं संपलं तर ती इथंच राहणार, उरलं तर पुण्याला जाणार. तात्यांना ती जायला नको होती. पण जन्मभर लोकांना 'चला, चला' म्हणालेल्या माणसाला 'राहा' म्हणणं काही जमेना. त्यांनी मुकाट्यानं ओळखीच्या ड्रायव्हरकडून कोकणातून बर्फाची पेटी मागवली.

शिनाणे हा शब्द इकडं कुणाला कळणार? तात्यांनी चिपळूणच्या मुक्कामी कधी तरी कालवं, म्हणजे खडकावरच्या शिंपल्या, खाल्ली होती. साक्षी म्हणत होती, कालवं वेगळी, शिनाणे वेगळे. तरी त्यांनी पेंटर दत्तोबाला फोनवरून मजकूर सांगितला, 'शेतीतल्या कालवांचं कालवण'.

रविवारी सकाळी पाटी लागली. तीवर ठळक अक्षरांत होतं, 'शेतीतल्या कालव्याचं कालवण'.

"आरं दत्तोबा, हे काय लिवलंस?"

"पाटबंधाऱ्याच्या पाट्या रंगवण्यात हयात गेली, तात्या. हात आपसूक तिकडंच वळला."

दुपारपर्यंत पाटी वाचायला सगळे थांबले, जेवायला कुणी बसेना. एकानं विचारलं, "डाव्या कालव्याचं का उजव्या?" दुसरा म्हणाला, "गाळ काढलाय का नुसतं उकळलंय?" तिसऱ्यानं विचारलं, "पाण्याचं आवर्तन कधी सुटतंय?" सगळे चिलापी खाऊन गेले. साक्षीनं आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. तात्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तेवढ्यात उसाचे बागायतदार मोहनराव आले. ते फक्त चेष्टा करायला आले होते.

"तात्या, ह्या पिकाला पाणी किती पाळ्या?"

बाहेर येत साक्षीच म्हणाली, "एकही नाही, काका. समुद्रातच वाढतं."

"खत?"

"नाही."

"औषध? खाद्य?"

"काही नाही. शिंपली पाणी गाळते, त्यातलंच बारीकसारीक खाते. उलट पाणी नितळ होतं."

मोहनराव खुर्चीवर बसले. आयुष्यभर उसाला पाणी, खत आणि वर शिव्या घालून ते थकले होते. "रानात असलं पीक असतं तर मी देव्हाऱ्यात ठिवलं असतं. आन खाऊन काय हुतंय?"

"लोह भरपूर, प्रथिनं भरपूर, चरबी कमी."

"डॉक्टर म्हनतोय माझ्या अंगात लोह न्हाय. वाढ एक ताट. पर आधी तात्यांनी खायचं."

आता आली पंचाईत, शिनाणे तात्यांनीही कधी चाखले नव्हते. तात्यांनी पातेल्याचं झाकण काढलं. बहुतेक शिंपल्या उघडल्या होत्या, चार-दोन मिटलेल्याच होत्या.

"शिजूनही न उघडलेल्या काढून टाकायच्या," साक्षी म्हणाली.

हे मात्र तात्यांना चटकन कळलं. "म्हंजी बिगर तिकिटाच्या," म्हणत त्यांनी त्या एकेक करून खाली उतरवल्या. मग एक उघडी शिंपली तोंडात टाकली, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि लगेच दुसरी शिंपली उचलली.

"चव सांगा की," मोहनराव म्हणाले.

"तोंड रिकामं झाल्याव सांगतो."

मोहनरावांनी दोन ताटं संपवली आणि आपल्या सगळ्या पाहुण्यांना फोन लावले. "कालव्याचं हाय, पर चांगलं हाय," एवढंच सगळ्यांना सांगितलं. दिवस मावळायच्या आत पातेलं घासायला पडलं. जाताना मोहनराव विचारत होते, शेततळ्यात दोऱ्या सोडल्या तर येईल का? साक्षीनं सांगितलं, गोड्या पाण्यात नाही येत. "मीठ टाकू की," ते म्हणाले.

पातेलं संपलं, तरी साक्षी खरंच राहते का, हे विचारायचा तात्यांना धीर होईना. ते उगाच टेबलं पुसत राहिले. बाहेर दत्तोबा पाटी दुरुस्त करायला शिडीवर चढला होता. साक्षी त्याला म्हणाली, "काका, वरचं राहू द्या. खाली तेवढं एक वाढवा."

तात्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि बाहेर येऊन वाचलं, 'पुढचं आवर्तन : रविवार'.

"चला," तात्या दोघांना आत बोलावत म्हणाले, "पुढं सरका."