खून केली

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाल्यानं जुडी आतून कुजकी बांधली असणार, मुलानं निबंध आईकडून लिहून घेतला असणार, असंच मी धरून चालते. बेलापूरच्या शाळेत तेवीस वर्षं मराठीच्या वह्यांवर लाल पेन चालवल्यावर दुसरं काय होणार? पण आमच्या सिस्टरपुढे मी काहीच नाही. गणित शिकवून रिटायर झालेली ही केरळची नन शाळेमागच्या कॉन्व्हेंटमध्येच राहते. खिडकी कोणी फोडली, कोणाचं लोणचं कोणी खाल्लं, हे ती मुलांच्या बोटांवरून ओळखायची. मराठी तिला चांगलं येतं, फक्त लिंगं येत नाहीत. ती म्हणणार, "टीचर, खुर्ची मोडला." मी म्हणणार, "मोडली." मग ती ते वहीत लिहून घेणार. अशा तीन वह्या भरल्यात तिच्या.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेतल्या मावशींनी सिस्टरपुढे एक प्लास्टिकची पिशवी आणून ठेवली. मावशी जासईच्या. जमीन गेलेल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी घरातले सगळे जुने कागद त्या पिशवीत गोळा झाले होते. त्यात सातबाऱ्यांच्या मधे दोन भलतेच कागद निघाले, एका जबानीचे. एक पेन्सिलनं घाईत लिहिलेला कच्चा, दुसरा शाईतला पक्का.

"आई आठ दिस जेवली नाय," मावशी म्हणाल्या. "एकच बोलते, मी काय बोल्ले व्हते तो वाचून दाव."

मग दार लोटून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची आई सात वर्षांची असतानाची गोष्ट. तिचा बाप मिठागरावर कामाला होता. पाणी कोणी आधी घ्यायचं यावरून त्याचं एका जोडीदाराशी वाकडं आलं होतं. एका सकाळी तो जोडीदार उघाडीत, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या झडपेपाशी, मेलेला सापडला. पोलीस आले. शाळामास्तरांनी सगळ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या, या पोरीचीही. तिच्या जबानीवर बाप तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. त्या घराला गाव अजून खुन्याचं घर म्हणतो.

"ती आता मरायला टेकली," मावशी म्हणाल्या, "आन तिला आठवतच नाय, ती खरा बोलली का खोटा."

मला सिस्टरनं नक्कल करायला बसवलं, कारण जुनं अक्षर तिला लागेना. खरं सांगते, माझा म्हातारीवरच संशय होता. सात वर्षांची पोर बापावर उगाच आळ घेत नाही. ती खरंच बोलली असणार, आणि आता जाता जाता घरच्यांना तो डाग पुसून हवा असणार. मावशी पाणी द्यायला आल्या तरी मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. सिस्टर मात्र मेलेल्या माणसाच्या भावावर डोळा ठेवून होती. मिठागरातला त्याचा हिस्सा भावालाच मिळाला होता. मास्तरांनाही तिनं सोडलं नव्हतं. ते साताऱ्याकडचे, माझ्या माहेरच्या बाजूचे. म्हणून मला उगाच राग आला.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझी नक्कल घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"टीचर, खून केला का खून केली?"

"केला. खून पुल्लिंगी. लिहून घ्या."

"लिहिलं आहे. म्हणून विचारते. तुमच्या कागदात केला, शाईच्या कागदात केला. पेन्सिलच्या कागदात केली."

"मास्तरांची चूक असेल. मी दुरुस्त केली."

"मास्तर मराठी होते," सिस्टर म्हणाली. "मी चुकते, टीचर. ते का चुकतील?"

मी पेन्सिलचा कागद उजेडात धरला. 'माझे बापसानी उघारीजवल खून केली.' स्पष्ट 'केली'. ती चूक मला दिसली होती आणि माझा हात आपोआप चालला होता. माझ्याआधी तेच काम कोणीतरी शाईनं करून ठेवलं होतं. मास्तरांनी बहुधा ऐकलं तसंच उतरवलं, आणि पुढच्या शहाण्यानं ते शुद्ध केलं.

तेवढ्यात मावशी डोकावल्या. "बाई, पानी देऊ?"

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "यांच्याकडे पाणी पानी होतो. मग खून आधी काय होता?"

खूण. खूण स्त्रीलिंगी. खूण केली. तेवीस वर्षं मराठी शिकवून हे मला दिसलं नव्हतं, आणि जिला खुर्चीचं लिंग येत नाही तिला दिसलं होतं.

शनिवारी आम्ही तिघी रिक्षानं जासईला गेलो. कंटेनरच्या ट्रेलरांमागून रिक्षा मुंगीच्या पावलानं चालली होती आणि माझा संशय अजून सुटत नव्हता. एका अक्षरावर माणूस सुटतो का? म्हातारी उद्या काहीही म्हणेल.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडली होती. मी सिस्टरला बजावून ठेवलं होतं की उत्तर तिच्या तोंडात घालायचं नाही. सिस्टर खाली जमिनीवर बसली.

"आजी, बाबांनी खून कशानं केली?"

म्हातारी वळली.

"चुन्यानी," ती म्हणाली. "बांद पोकल झालता तिथं. कोनी पाय ठेवू नये म्हनून. मी चुन्याचा डबा धरलेला."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली होती. जोडीदार त्या पोकळ बांधावरूनच उघाडीत पडला असणार.

"मंग माझा बापूस खुन्या कसा झाला?" म्हातारीनं विचारलं. ती माझ्याकडे बघत होती, कारण कागद माझ्या हातात होता. माझी शुद्ध नक्कल पर्समध्येच होती. ती बाहेर काढायची मला लाज वाटली.

"आमच्यामुळे," मी म्हणाले. "लिहिणाऱ्यांमुळे. तुम्ही बरोबर बोलला होतात."

"वाच."

मी पेन्सिलचा कागद उघडला आणि सवयीनं नीट वाचलं, "माझ्या बापानं उघाडीजवळ खूण केली."

"मी असा नाय बोल्ले," म्हातारी म्हणाली. "बोल्ले तसा वाच."

मग मी एक अक्षर न सुधारता वाचलं. "माझे बापसानी उघारीजवल खून केली."

"ह्योच," ती म्हणाली, आणि लेकीकडे पेज मागितली.