काचेवरचा लोकरीचा धागा

ती घटना आजही आठवते, कारण त्या दिवशी परभणी जिल्ह्याच्या आकाशाची सुरक्षितता धोक्यात आली होती. निदान वरिष्ठांच्या वायरलेस संदेशात तसे म्हटले होते. प्रत्यक्षात धोक्यात होती एका मेलेल्या माणसाची अब्रू. पण तिच्यासाठी वायरलेस संदेश निघत नाहीत.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. माझ्या ठाण्यातले निम्मे शिपाई बंदोबस्तावर, उरलेले बंदोबस्तावरून परतून आडवे. अशात बोरीकडच्या धनगरवस्तीवरचा एक वयस्क मेंढपाळ ठाण्यात आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "सायब, माझ्या भावजयीपाशी ईमानाचं डोस्कं हाय. तिच्या लेकानं चोरून आणलेलं."

"विमानाचं? आणि लेक कुठाय?"

"मेला की. कावीळ झाली."

मेलेल्या पुतण्याची तक्रार घेऊन एवढ्या लांब चालत आलेला चुलता मी पहिल्यांदाच पाहत होतो.

जमादाराला घेऊन वस्तीवर गेलो. खोपटासमोर माणूस बसेल एवढा लांबट, पारदर्शक घुमट पालथा घातला होता आणि त्याच्याखाली दोन कोकरे उन्हात झोपली होती. दिसायला काच, पण टिचकी मारली की डब्यासारखी वाजे. कडेला सरकती छोटी खिडकी. पुढच्या बाजूला मधोमध, बाहेरून, काळ्या लोकरीचा वीतभर धागा चिकटवलेला; त्याचे एक टोक मोकळे. जमादाराने पंचनाम्यात लिहिले, 'नजर लागू नये म्हणून लावलेला धागा'. पंचांनी हरकत घेतली नाही. वस्तीवरच्या प्रत्येक पाळण्याला तसा धागा होता, आणि दोन्ही पंचांच्या गळ्यातही.

म्हातारी खोपटाच्या दारात बसून होती.

"मावशी, हे आलं कुठून?"

"लेकानं आणलं. यष्टीच्या टपावर, घोंगड्यात गुंडाळून. म्हणला, माय, कोकरं गारठायलेत, ह्याच्याखाली ठीव. ऊन आत येतंय, वारं येत न्हाई."

"कामाला कुठं होता?"

"पुण्याकडं, माळावर. दोरी वढायचा म्हणं. सांगायचा लय, मलाच उमजत नव्हतं."

"विहिरीवर असंल, सायब," जमादार म्हणाला.

"आणि हा धागा तुम्ही बांधला?"

"बांधला न्हाई. पिळलेला माझा हाय. दर खेपंला मागून न्यायचा." मग तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. "काच न्या, सायब. पर त्याला चोर म्हणून लिवू नका. तेराव्याला भावकीतलं कुणी पानावर बसलं न्हाई. चोराचं अन्न म्हणले. सगळा भात मेंढरांपुढं टाकला."

घुमट जप्त करून आणला. कोकरे तिने पदराखाली घेतली.

पुढचे काही दिवस ठाण्याला जत्रेचे रूप आले. जिल्ह्याहून गाड्या आल्या. एका साहेबांनी घुमटाला हात न लावता तो क्षेपणास्त्राचा अग्रभाग असावा असे मत दिले. हवाई खात्याचे एक अधिकारी येऊन गेले. आमच्या कोणत्याही विमानाचा हा भाग नाही, असे सांगून त्यांनी सही केली आणि चहा घेतला. अनोळखी वस्तूची ओळख पटवायला आलेल्या प्रत्येकाने ती आपल्या ओळखीची नाही एवढेच नोंदवले.

शेवटी मला परभणीचे एक वृद्ध प्राध्यापक आठवले. तरुणपणी ते ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, उडवत असत. ते आले. काच, खिडकी, चौकट यांकडे त्यांनी ओझरते पाहिले. धाग्यापाशी मात्र थांबले आणि मोकळ्या टोकावर हळूच फुंकर घातली.

"पंचनाम्यात काय लिहिलंय याचं?"

"नजरेचा धागा."

"वाऱ्याचा आहे, इन्स्पेक्टर. ग्लायडर नीट चाललं की धागा सरळ मागे राहतो. तिरकं झालं की बाजूला पळतो. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर सतत हा असतो. हे झाकण जुन्या लाकडी ग्लायडरचं आहे. आणि दोरी ओढायचा म्हणता ना? ग्लायडर दोरीनं ओढूनच वर चढवतात."

तसली ग्लायडरे कोणत्या मैदानावर होती तेही त्यांनी सांगितले. तिकडच्या ठाण्याला संदेश पाठवला. उत्तर आले: ग्लायडर मोडीत काढले होते, झाकण तिथल्या शिक्षकांनी दोरीवरच्या मदतनिसाला स्वतः दिले होते. शेवटी एक ओळ होती, जी कोणी विचारली नव्हती. मदतनीस कामावर का येत नाही, त्याने आणलेले धागे आता संपत आले आहेत.

कोर्टाच्या हुकमाने घुमट परत द्यायला मी स्वतः वस्तीवर गेलो, मुद्दाम गणवेशात. भावकीला चावडीवर बोलावून उत्तर वाचून दाखवले. चुलत्याने मान हलवली. "मला तवाच वाटलं होतं," तो म्हणाला.

म्हातारीने धागे संपत आल्याची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारले, "सायब, वर्षश्राद्धाला हे लोक जेवायला येतील?"

"येतील," मी म्हणालो. हे सांगायचा अधिकार कोणत्याही कलमात नाही.

या प्रकरणाने मला एवढेच शिकवले: माणसाला चोर ठरवायला एक चुलता पुरतो, तो चोर नव्हता हे ठरवायला दोन जिल्ह्यांची पोलीस ठाणी लागतात, आणि तोवर ते ऐकायला तो उरलेला नसतो.

वर्षश्राद्धाला मीही गेलो होतो. भावकीची पंगत पूर्ण बसली. माशा बसू नयेत म्हणून भात त्या घुमटाखाली झाकून ठेवला होता. चुलत्याने तो दोनदा वाढून घेतला.