सुजाताच्या बाबांचा शोध
परवा उरणला सुजाताच्या घरी जाऊन आले... तेव्हापासून कशातच मन लागत नाहीये.

सुजाता आमच्या पनवेलच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते. घर कोळ्यांचं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या आणि त्याच आठवड्यात तिच्या बाबांची होडी उलटली. सोबतच्या काकांना दुसऱ्या होडीने वाचवलं. बाबा मात्र वाहून गेले... अंगात लाइफ जॅकेट होतं, एवढीच आशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाता थेट ऑफिसात हजर. "होडी कुठे उलटली ते काकांनी सांगितलंय. आपलं सॉफ्टवेअर चालवू या."

आमचं काम थोडक्यात सांगते. वाऱ्याची माहिती एका संस्थेच्या सर्व्हरवर असते, समुद्राच्या प्रवाहांची दुसऱ्या. वाहत गेलेली वस्तू कुठे पोचेल, याचं गणित करणारी सेवा तर तिसऱ्याच देशात. अशा सेवा शोधायच्या, एकमेकींना जोडायच्या आणि उत्तर नकाशावर दाखवायचं. आमचं सॉफ्टवेअर अजून अर्धवटच होतं.

ती तिसरी सेवा सारखी बंद पडत होती. सर स्वतः खुर्ची ओढून आमच्यात बसले. शेवटी नकाशावर अलिबागच्या बाजूला एक लाल पट्टा उमटला. सुजाताने फोनवरून गावच्या होड्यांना जागा कळवली... संध्याकाळी सगळ्या रिकाम्या परतल्या.

त्या सेवेत एक पर्याय निवडावा लागतो. पाण्यातला माणूस जिवंत आहे की मृत? दोघं वेगवेगळे वाहतात. आम्ही अर्थातच 'जिवंत' निवडलं होतं.

आता दुसरा पर्याय निवडून पाहायला हवा, हे पुढच्या सकाळी सगळ्यांना कळत होतं, पण बोलायला कुणी धजेना. सुजातानेच माउस हातात घेतला. 'मृत' निवडलं... आणि एंटर दाबलं. पट्टा दक्षिणेला सरकला.

दुपारी तिथेच बाबा सापडले.

परवा तिच्या आईने मला जवळ बसवलं. म्हणाली, "आमचा माणूस घरी तरी आला. नायतर जलमभर वाट बगत बसलो असतो." मग हळूच विचारलं, "ते बटन दाबला, तवा तू व्हतीस तिच्या बाजूला?"

मी नुसती मान हलवली.

"बरा झाला. पोर येकटी नव्हती."

आमच्या कामाचं कौतुक खूप जणांनी केलं... पण मी फक्त तिच्या शेजारी बसले होते, त्याचंच आता बरं वाटतं.