चारोचं जपानी

केनियातल्या चांगामवे वस्तीत कुणाला गाडी घ्यायची असली की आधी चारोला विचारायची पद्धत होती. शेजारच्या मोम्बासा बंदरात जपानहून उतरणाऱ्या जुन्या गाड्यांचे कागद बघण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. त्या कागदांवरच्या 'इंजिन', 'ओरखडा' आणि 'पाणी शिरलेलं' एवढ्या तीन खुणा त्याला ओळखता येत. लोक म्हणत, चारोला जपानी येतं. त्याने कधी नाही म्हटलं नाही. फुकटचा मोठेपणा नको म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय.

त्याची विधवा वहिनी सिदी शिवणकाम करायची. पाठ दुखून दुखून बसवेना, तेव्हा तिने ठरवलं, शिलाई मशीन विकायचं, व्हिडिओ गेमचं यंत्र घ्यायचं आणि टपरीत लोकांना फुटबॉल खेळायला बसवायचं. दुबईचं घेऊ की जपानचं, तिने दिराला विचारलं.

"वहिनी, हा काय प्रश्न झाला? जपानचंच! त्यांचं स्टेअरिंग उजवीकडे, आपलंही उजवीकडे. त्यांचं सगळं आपल्याला चपखल बसतं."

यंत्र आलं. तिकडच्या विजेचा दाब कमी, म्हणून त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मरही चारोने मोठ्या ऐटीत आणून दिला. सिदीने मबारकच्या दुकानातून फुटबॉलची अस्सल डिस्क आणली, यंत्रात घातली, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. सगळी जपानी.

"भाऊजी, काय म्हणतंय?"

त्यात ना इंजिन होतं, ना ओरखडा, ना पाणी. टपरीबाहेर चार माणसं कान टवकारून उभी. चारोने मान तिरकी केली. "डिस्क मळकी आहे म्हणतंय. पुसा."

तीन दिवस सिदी डिस्क पुसत होती. आधी कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या पदराने, मग साबणाच्या पाण्याने, मग कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट लावून. चारो रोज संध्याकाळी यायचा, बघायचा आणि "अजून थोडं" म्हणायचा. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण खरं सांगायला जीभ रेटत नव्हती.

चौथ्या दिवशी ती सगळं बोचकं घेऊन मबारककडे गेली. चारोलाही नेलं, आणि दारातूनच ओरडली.

"मळका माल गळ्यात मारलास! बाईमाणूस बघून फसवतोस होय रे चोरा?"

मबारकने डिस्क आपल्या यंत्रात घातली. ती छान चालली. मग त्याने सिदीचं यंत्र उलटं करून पाहिलं.

"बाई, हे जपानचं आहे. कंपनीने देशादेशाला वेगळं कुलूप घातलंय. माझ्याकडची एकही डिस्क यात चालायची नाही."

"पण ते तर मळकी म्हणतंय! आमच्या भाऊजींना जपानी वाचता येतं."

मबारकने तिचं यंत्र टीव्हीला जोडलं. तीच लाल अक्षरं. "मग वाचा की काका. आम्हालाही कळू दे."

गिऱ्हाइकं खुसखुसली. चारोची कानशिलं तापली. सिदीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"त्यांचा चष्मा घरी राहिलाय," ती म्हणाली.

मग तिने मबारकची माफी मागितली. ती मागायची होती चारोने. पण तो मेल्याहून मेल्यासारखा होऊन नुसता उभा होता, शर्टाच्या खिशातून बाहेर डोकावणाऱ्या चष्म्यावर हात दाबून.