रविवारची पार्सलं आणि पुष्पावतीबाईंचं दार

देवळाली प्रवराच्या पोस्टात रविवारीही पार्सलं वाटायचं ठरलं, तेव्हा सबिहा शेखनं आपण होऊन नाव दिलं. मळ्यातली माणसं रविवारी तरी घरी सापडतात, हे एक कारण. दुसरं असं, की तिला माणसांबद्दल फार उत्सुकता. एखादं खोकं हातात घेतलं की मनात येई, या घराला हे कशाला लागलं असेल? पण विचारायची सोय नव्हती. नोकरीत ते चालत नाही.

कालव्याकडेच्या वस्तीवर पुष्पावती कडू या नावानं एक पार्सल आलं. सबिहानं हाक मारली, कडी वाजवली. फोन लावला, तर घंटी घरातच वाजली. आत भांड्यांचा आवाजही येत होता. दार मात्र उघडलं नाही. पुढच्या रविवारीही तेच. शेवटी तिनं मोबाईलवर ‘दार बंद’ अशी नोंद केली आणि पार्सल परत गेलं.

पंधरा दिवसांनी त्याच नावाचं दुसरं पार्सल आलं. लहानसंच, पण जड. आता मात्र सबिहाला राहवेना. हे माणूस मागवतं आणि घेत का नाही? तिनं स्कूटी लावली आणि घराला वळसा घालून मागं गेली.

पडवीत साठीच्या एक बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर पत्र्याच्या डब्याला टेकवलेला मोबाईल. त्यात एक माणूस वायरी जोडून दाखवत होता, आवाज पूर्ण बंद. सबिहाची सावली पुढं पडली तशा त्या दचकून वळल्या.

“कोन हाय?” आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

सबिहा सांगू लागली. बाईंनी कानाला हात लावला. “बोलू नको, लिही. तापात कान गेले माझे. पंचवीस वर्सं झाली.”

सबिहानं मोबाईलवर लिहिलं, ‘मावशी, मी पोस्टातून आले. याआधी दोनदा येऊन गेले.’

पुष्पावतीबाईंनी ते सावकाश वाचलं. “मी तर घरीच हुते. आमचे हे उसाच्या टेम्पोवर, हंगामात घरी नसत्यात. म्हनून पहिलं परत गेलं व्हय!”

सबिहानं मान हलवली. आपण काय नोंद केली होती ते आठवून ती ओशाळली.

त्यानंतर ती दर रविवारी मागच्या बाजूनंच जाऊ लागली. कधी वायरचं वेटोळं यायचं, कधी हलवलं की खुळखुळणारी पुडी. एकदा तिनं धीर करून लिहिलं, ‘मावशी, रागावणार नसाल तर विचारू? हे सगळं कशाला?’

“झालं की दिसंल,” एवढंच उत्तर मिळालं.

महिन्याभरानं पुढच्या दाराच्या चौकटीवर एक लाल बटण दिसलं. खाली चिठ्ठी होती, ‘हे दाबा.’ सबिहानं दाबलं. काहीच आवाज आला नाही. बिघडलं वाटतं, म्हणून ती पुन्हा दाबणार, तोच दार उघडलं. पुष्पावतीबाई पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या.

आत गॅसच्या ओट्यावर एक, शिलाई मशीनशी एक आणि मागच्या पडवीत एक, असे तीन दिवे उघडझाप करत होते.

‘अशी बेल तयार मिळते ना?’ सबिहानं लिहिलं.

“मिळती. पन तिचा दिवा एकच, त्यो बी बारका. पाठ फिरवली की संपलं.”

‘शिकवलं कुणी?’

त्यांनी मोबाईलकडं बोट केलं. “बोलतो काय ते कळत न्हाई, पन हात दिसत्यात की. दोनदा फ्यूज उडाला. मग वायरमनला दाखवून घेतलं.”

सबिहाचे चाचा बाबाजान केडगावात शिवणकाम करायचे. त्यांनाही आता ऐकू येईनासं झालं होतं, आणि भेटायला आलेली माणसं दारावरून परत जात. सबिहानं हे लिहून दाखवलं, तर पुष्पावतीबाईंनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. मशीन कुठं हाय? बसताना पाठ कुनीकडं? खिडकीतनं ऊन येतं का? सबिहाला काहीच नीट सांगता येईना. सुट्टीच्या दिवशी ती केडगावला जाऊन खोलीचा नकाशा काढून घेऊन आली.

तीन आठवड्यांनी पुष्पावतीबाई चाचांसाठी केलेल्या दिव्यांचं खोकं घेऊन स्वतः पोस्टात आल्या. गावातल्या कामांना नवराच जात असल्यानं त्या कित्येक वर्षांत तिथं आल्या नव्हत्या. पाठवणाऱ्याचं नाव म्हणून सबिहा त्यांच्या नवऱ्याचं, अंगद कडूंचं, नाव लिहू लागली, तसं त्यांनी पेन काढून घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, पुष्पावती कडू. पार्सल कुठवर गेलं ते नंबरावरून कळतं, हे सबिहानं दाखवल्यावर त्या दिवसातून चार वेळा ते बघत राहिल्या.

केडगावात दिवे बसले. बाबाजानच्या लेकीनं, नाझनीननं, व्हिडिओ पाठवला. रविवारी सबिहानं तो दाखवला. चाचा मशीनवर बसलेत, दिवा उघडझाप करतो, ते मान वळवून बघतात, उठतात आणि दार उघडायला जातात.

पुष्पावतीबाईंनी तो तीनदा पाहिला. चौथ्यांदा मध्येच थांबवून स्क्रीनवर बोट ठेवलं.

“दिवा हातभर पुढं पायजे हुता,” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्याची मान दुखंल. लिही त्यांना.”