बुडाला तर रडू न येणारा कॅमेरा

नाना माझ्या दुकानात कॅमेरा बघायला यायचे ते डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा आणि हातांत भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे चढवून. जळगावच्या भर बाजारात, भर दुपारी, पांढराशुभ्र पायजमा-सदरा घातलेला एक सत्तरीचा माणूस हा असा अवतार करून काउंटरपाशी उभा राहायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "सलीमभाई, जरा तो मागचा काढा." गिऱ्हाइकं हसायची. नानांना त्याचं काही वाटत नसे. "पान्यात उतरल्यावर डोया कॅमेऱ्याले टेकत नही. मधी चष्मा येतो, अन् बोटंबी आपली राह्यत नही," ते मला समजावत. "मग जे तठी होनार ते अठीच पाहून घ्यावं ना."

नाना मूळचे सावद्याचे. हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि घरची केळीची बाग बघू लागले. त्यांना पाण्याखाली फोटो काढायचा आहे हे ऐकल्यावर मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "नाना, आपल्याकडे समुद्र कुठे आहे? फोटो काढायचा कशाचा?" ते म्हणाले, "इहिरीचा." मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. त्यांच्या बागेच्या कडेला, पाटाच्या झिरप्यामुळे उन्हाळ्यातही भरलेली असणारी एक जुनी विहीर होती. लहानपणी नानांच्या पाठीला कोरडा भोपळा बांधून त्यांच्या मोठ्या बहिणीने, अक्कांनी, त्यांना तिच्यात ढकललं होतं. भोपळा सुटला आणि नाना खाली गेले. घाबरून त्यांनी वर पाहिलं, तर पाण्याच्या वर गोल आभाळ, आणि त्या गोलाच्या काठावर तिघी बहिणींची वाकलेली, हलणारी तोंडं. "तवाच मले कयलं की आपन मरत नही," नाना सांगायचे. चित्रकलेचा मास्तर झाल्यावर त्यांनी ते चित्र किती वेळा काढलं असेल कोण जाणे. एकदाही जमलं नाही. पाणी काढता येई, बहिणी काढता येत, पण पाण्यातून दिसणाऱ्या बहिणी कागदावर उतरत नसत.

आता रस्ता रुंद होणार होता आणि विहीर त्यात जाणार होती. आखाजी झाली की मशीन येऊन ती बुजवणार, असं सांगून माणसं गेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, म्हाताऱ्या झाल्या तरी येतात. तिघी बहिणी त्या दिवशी एकत्र येणार होत्या आणि त्या विहिरीवर त्यांची ती शेवटचीच आखाजी होती. नानांना एकच फोटो हवा होता आणि त्यासाठी एकच दिवस होता.

मी दुकानदार माणूस, मला सोपा मार्ग सुचला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मारा बुडी. नानांनी फोन पिशवीत घालून घरच्या हौदात बुडवून पाहिला आणि परत आले. "पान्याच्या आत बोटाले फोन जुमानत नही." मग मी हेल्मेटला लावतात तो चिमुकला कॅमेरा दाखवला. तो घेऊन ते विहिरीत उतरूनही आले. "हा बठ्ठंच वाकडं करतो भो. माह्या बहिनी आधीच गोल, त्याच्यात पार भोपये दिसतील. अन् अंधारात नुसती रवाळ खीर." फ्लॅशचं नाव काढलं तर म्हणाले, टॉर्च लावून पाहिला, आधी गाळच चमकतो, माणूस नंतर. कुठलीही गोष्ट ते ऐकून मानत नसत आणि ऐकून नाकारतही नसत. आधी हौद, मग विहीर, मग मत.

असं करत करत आम्ही डीएसएलआरवर आलो. इथे बाकीची गिऱ्हाइकं मेगापिक्सेल विचारतात. नानांनी विचारलं, "याची पेटी भेटते का?" पेटी म्हणजे कॅमेरा पाण्यात न्यायचं कवच, आमच्या धंद्यात त्याला हाउसिंग म्हणतात. प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी असते, बटणाबरोबर बटण जुळावं लागतं. मी कॅमेरे काढून ठेवत होतो आणि ते पेट्या शोधायला सांगत होते. "लेक द्याची तं आधी घर पाहतात, मंग नवरदेव. तुम्ही उलटं करू राह्यले." हे वाक्य मी पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं आहे, आणि दर वेळी ते पटलं आहे.

मी म्हणालो, घ्यायचाच तर नवा घ्या, हल्ली आरसा नसलेले आलेत, हलके असतात. नाना हसले. समुद्रात फोटो काढणारे लोक ते नवे कॅमेरे घेतात म्हणूनच त्यांचे जुने डीएसएलआर पेटीसकट विकायला निघतात, हे त्यांनी कधीच हेरलं होतं. शेवटी मुंबईच्या एका माणसाकडून तसाच एक जुना कॅमेरा आला. ओरखडे पडलेला, जड, पण अंधुक उजेडात चांगलं बघणारा. पेटीला पुढे फुगीर काच होती आणि शटरचा खटका रबरी मोज्यातूनही दबत होता. नानांनी चष्मा चढवला, डोळे मिटले, सगळी बटणं चाचपली आणि म्हणाले, "हाच. बुडाला तं रडू येऊ नये, असाच पाह्यजे व्हता."

पण पेटी खरी पाणी अडवते का? मी टिशूपेपर काढला, तो आत ठेवून बघतात. नानांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात भाजलेली बिबडी होती, आमच्याकडचा ज्वारीचा जाड पापड. तिचा तुकडा रिकाम्या पेटीत ठेवला, पेटी बंद करून माझ्या बादलीत दगडाखाली दाबली आणि आम्ही चहा प्यायला गेलो. आल्यावर तुकडा बाहेर काढून त्यांनी कानाशी धरून मोडला. कट्ट! "पास!" अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा मला दिला. त्या दिवसापासून दुकानातली पोरं त्यांना बिबडीवाले नाना म्हणू लागली. नानांना कळलं तेव्हा पुढच्या खेपेला त्यांनी पोरांसाठीही डबाभर बिबड्या आणल्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सावद्याला बोलावून घेतलं. "बकरा आनून देनारानं तो कापेपर्यंत थांबावं," असलं काहीतरी ते म्हणाले, मला हसू आवरेना. संध्याकाळी हौदात बिबडी पास झाली. सकाळी कॅमेरा पेटीत बसला, फोकस आधीच मोजून पक्का केला. बरोब्बर दुपारी सूर्य विहिरीवर येणार, तेवढाच वेळ उजेड तळाकडे जाणार. नाना लंगोट लावून, चष्मा चढवून, पेटी छातीशी धरून निघाले आणि दारात अक्का तबक घेऊन उभ्या.

"नवी वस्तू पान्यात चालली अन् कुकूबी नही लावलं?"

"अक्का, ऊन सरकतं," नाना म्हणाले.

"सरकू दे. उघड ते. डब्याची पूजा करू का मी?"

ऐंशीच्या पलीकडची मोठी बहीण, तीही सणाला माहेरी आलेली. नानांनी मुकाट्याने पेटी उघडली. अक्कांनी कॅमेऱ्याला कुंकवाचं बोट लावलं, डोळे मिटले, लाल अक्षता टाकल्या. नानांनी हाताने अक्षता झटकल्या, पेटी बंद केली. पुन्हा बिबडी ठेवायला वेळ नव्हता.

विहिरीत पाणी काठापासून पुरुषभर खाली होतं. नाना कमरेला दोर बांधून उतरले, मान वर करून बहिणींना "वाका!" म्हणाले आणि खाली गेले. तिघी काठावर वाकल्या. मी दोर धरून उभा. पाणी हिरवं, शांत. बराच वेळ झाला तसा मी दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला. अक्का ओरडल्या, "नाना, वर ये रे! वर ये!" आणि नाना वर आले. पेटीच्या काचेआड पाणी हिंदकळत होतं. कॅमेऱ्याचा दिवा विझलेला.

काठावर बसून त्यांनी पेटी उघडली. झाकणाच्या रबरी कड्यावर, बरोबर सांध्यात, एक लाल तांदूळ चिकटला होता. एवढ्याशा फटीतून विहीर आत आली होती. तो मलाही दिसला आणि नानांनाही. तेवढ्यात अक्का गुडघे धरत जवळ आल्या, "काय झालं रे?"

नानांनी तो दाणा बोटावर घेतला, तोंडात टाकला आणि चावला.

"काही नही अक्का. रबर जुनं व्हतं."

"मंग तांदुयात ठेव त्याले," अक्का म्हणाल्या. "मोबाईल भिजला तं पोरं तांदुयातच ठेवतात."

हे ऐकून नाना असे हसले, असे हसले, की त्यांना ठसका लागला. मी पाठीवर हात फिरवत होतो आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. कॅमेरा तांदळात जाऊनही उठला नाही. त्याच्यासाठी नाना खरंच रडले नाहीत. कार्ड मात्र मी जळगावला आणून पुसलं, वाळवलं आणि लावलं. आत एक फोटो होता. काळ्याशार पाण्यावर उजेडाचा गोल, गोलाच्या काठावर तीन म्हाताऱ्या बायका, आणि मधोमध अक्कांचं तोंड उघडं, भावाला वर बोलावणारं. नाना दुकानात तो बघत बसले तेव्हा मोजे-चष्मा काही नव्हतं. "हेच," एवढंच म्हणाले. आयुष्यात इतका समाधानी माणूस मी पाहिलेला नाही.

विहीर बुजली. तिच्यावरून आता ट्रक जातात. दोन पावसाळ्यांनंतर नानाही गेले, साध्या तापाचं निमित्त होऊन. माझ्याकडे कुणी पाण्यातल्या फोटोंसाठी आलं की मी अजून आधी पेटी काढतो, आणि दुकानात बिबडीचा डबा असतोच.

मागच्या आखाजीच्या आधी अक्का नातवाच्या गाडीतून दुकानात आल्या. त्यांना फोटोची मोठी प्रत हवी होती, भिंतीवर लावायला. मी फ्रेम त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदराने काच पुसली आणि किती तरी वेळ आपल्याच उघड्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"नाना माह्या देवपूजेले हसे," त्या म्हणाल्या. "पन त्या दिवशी मी पूजा केली म्हनून एक तरी आला. नही तं तोबी आला नसता. हाय का नही, सलीम?"

मला तो लाल दाणा दिसला, आणि तो चावणारे नाना.

"हो अक्का," मी म्हणालो. "रबर जुनं होतं. तुमच्या पूजेनंच आला."